डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालणारी खुर्ची
(रामवाडी येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



डोळ्यांच्या इशाऱ्यावर नोकर पळविणारे सरदार आपण गोष्टींत ऐकले. आता त्या इशाऱ्यावर खुर्ची चालते. मानेखालचे शरीर लुळे पडल्याने ज्याला साधे बटणही दाबता येत नाही, त्याच्यासाठी ती आहे. मज्जातंतूंच्या काही विकारांत हातपाय जातात, वाचा जाते, पण डोळ्यांची हालचाल पुष्कळदा टिकून राहते.

तिची युक्ती अशी. समोरच्या पडद्यापाशी लहान कॅमेरा असतो. त्याच्याजवळून डोळ्यावर न दिसणारा अवरक्त प्रकाश पडतो. डोळ्यात त्याचा चकाकता ठिपका उमटतो. ठिपका आणि बाहुली यांची जागा मोजून संगणक नजरेचा रोख ओळखतो. पडद्यावरील बाणावर नजर क्षणभर स्थिर ठेवली की खुर्ची त्या दिशेला वळते. क्षणभर का? माणूस नुसते पाहण्यासाठीही पाहतोच ना! भिंतीवरची पाल पाहिली म्हणून खुर्चीने भिंतीवर धडकू नये. उन्हातही अवरक्त किरण असतात. त्यामुळे आपल्या कोकणच्या भर दुपारी कॅमेरा गोंधळू शकतो.

आता उंबरठ्याविषयी बोलतो. खुर्ची कितीही हुशार असो, शाळेच्या दाराशी तीन पायऱ्या असल्या की ती तेथेच थांबते. आणि मूल घराबाहेरच काढले नाही, तर खुर्ची तरी काय करणार?

नसीमा हुरजूक यांना ऐन शाळा-कॉलेजच्या वयात कमरेखालून अपंगत्व आले. स्वतः अपंग असलेल्या बाबूकाका दिवाण यांनी त्यांना उभारी दिली. नसीमाताईंनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र मुलींनी अवश्य वाचावे.

२०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यासाठी दाखला लागतो; अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. लोक काय म्हणतील म्हणून कित्येक आईबाप तेथवर जातच नाहीत.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी जूनपूर्वी मला गाठावे. अर्ज भरून देण्यास दर रविवारी सकाळी मी शाळेत बसेन.