क्वासारच्या लहरींचा कोन

आपल्या गेवराई तालुक्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या पुणे जिल्ह्याकडेही जातात. नारायणगावच्या बाजूला फड लागला असेल, तर तारेच्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या तुमच्यापैकी कुणी पाहिल्या असतील. ती खोडदची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. अशा दुर्बिणींनी करायच्या एका मोजमापाबद्दल आज बोलतो.

रेडिओलहर पुढे धावताना उभी, आडवी किंवा तिरपी कंप पावते. माळवदावरच्या दूरदर्शनच्या अँटेनाच्या नळ्या आडव्या असायच्या, कारण प्रक्षेपणाची लहर आडवी कंप पावायची. कंपनाला अशी ठरावीक दिशा असणं म्हणजे ध्रुवीकरण.

दूरच्या दीर्घिका आणि क्वासार (म्हणजे काही दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) यांच्याकडून येणाऱ्या लहरींनाही, थोडी का होईना, अशी दिशा असते. वाटेत विद्युतभारित वायू आणि चुंबकीय क्षेत्र लागलं की ती वळत जाते. मायकेल फॅरेडे यांनी १८४५ मध्ये काचेतून जाणाऱ्या प्रकाशात हे वळणं प्रथम पाहिलं. तरंगलांबी दुप्पट, तर वळण चौपट. म्हणून एकाच क्वासारच्या लहरींचा कोन अनेक तरंगलांब्यांवर मोजतात आणि त्या फरकावरून वाटेतल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधतात. वर्तमानपत्रात दीर्घिकेचं चित्र छापून येतं, हा कोन येत नाही. मला तो चित्राहून मोलाचा वाटतो, कारण चुंबकीय क्षेत्र साध्या छायाचित्रात उमटतच नाही.

मोजणी मात्र किचकट. प्रत्येक तबकडी लहरीचे दोन घटक वेगवेगळे घेते, पण एकातला अंश दुसऱ्यात झिरपतोच. शिवाय आपल्या पृथ्वीचं आयनांबरही (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) कंपनाची दिशा वळवतं, दिवसा जास्त, रात्री कमी. म्हणून जगभरचे निरीक्षक ‘३सी २८६’ या क्वासारवर उपकरण लावून घेतात. सेंटिमीटरच्या तरंगलांब्यांवर त्याचा कोन सुमारे ३३ अंश, वर्षानुवर्षं जवळपास तोच.

१९८८ मध्ये रॉबर्ट लेंग आणि सायमन गॅरिंग्टन यांच्या निरीक्षणांतून एक सुंदर गोष्ट पुढे आली. अनेक क्वासारांच्या दोन्ही बाजूंना रेडिओलहरींचे पुंजके असतात. ज्या बाजूला क्वासारच्या केंद्रातून निघालेला झोत दिसतो, तिथलं ध्रुवीकरण लांब तरंगलांबीलाही टिकतं. दुसऱ्या बाजूचं विस्कटतं. तिकडच्या लहरींना दीर्घिकेभोवतीच्या वायूतून जास्त अंतर कापावं लागतं. अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या त्या जोडीतला कुठला पुंजका आपल्या अंगाला आहे, हे त्यावरून कळलं.