अरब जमादारांचे तंटे आणि दख्खनचा सारा

(खामगाव येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परराष्ट्रखात्यांच्या पत्रकांत एक वाक्य नेहमी आढळते : ‘आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत.’ दोन अरब सत्ताधीश एकमेकांवर चालून जातात आणि तिसरेच कोणी दूर बसून ‘लक्ष ठेवते’. हे लक्ष ठेवणे म्हणजे नेमके काय, याचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील एक प्रकरण निवडले आहे. भांडण अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचे. भांडणारे दोघेही निजामाच्या पदरचे. आणि लक्ष ठेवणारे इंग्रज अधिकारी हैदराबाद, मुंबई व एडन येथे बसलेले. या प्रकरणाचा एक धागा आपल्या जिल्ह्यातूनही गेलेला आहे, आणि सुरुवात तेथूनच करणे सोयीचे होईल.

निजामाच्या राज्याची पायाभरणी ज्या लढाईने झाली ती १७२४ सालची लढाई आपल्या साखरखेर्ड्याची. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १८५१ साली, याच टापूत देऊळगाव राजाच्या जाधवांवर संकट कोसळले. सिंदखेडच्या लखुजी जाधवांचे हे घराणे. त्यांच्या पदरी अरब शिबंदी होती आणि तिने निजामाच्या फौजेशी लढाई केली. परिणामी बाजीराव जाधवांची पिढीजात वतने जप्त झाली. १८५६ साली ते राजबंदी म्हणूनच वारले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. अरब शिपाई जाधवांकडे होते, नागपूरकर भोसल्यांकडे होते, बडोद्याला गायकवाडांकडे होते. १८१८ साली मालेगावच्या किल्ल्यातून इंग्रजांशी झुंजले तेही अरबच. जो पगार देईल त्याच्यासाठी लढणारा हा वर्ग होता. अलीकडे आपल्या खेड्यापाड्यांतून ‘अरबांचा जुलूम’ हा विषय धर्माच्या चौकटीत बसवून सांगण्याची प्रथा पडते आहे. ज्यांना ती सोयीची वाटते त्यांनी देऊळगाव राजाचा अरब कोणाचे मीठ खात होता एवढे तरी पाहावे.

हे अरब बहुतांशी हद्रमौतचे. हद्रमौत म्हणजे आजच्या येमेनच्या पूर्वेकडील प्रदेश : एक लांबलचक खोरे, थोडी खजुराची शेती, समुद्रावर शिहर आणि मुकल्ला ही दोन बंदरे. जमीन पोट भरू देत नाही म्हणून माणसे जावा, पूर्व आफ्रिका आणि हिंदुस्थान या दिशांनी बाहेर पडत. आपल्या कोकणातला माणूस ज्या कारणाने मुंबईच्या गिरणीत गेला त्याच कारणाने हद्रमौतचा माणूस हैदराबादच्या फौजेत आला.

फौजेतला शिपाई सावकार कसा होतो हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावे असे आहे. निजामाचा खजिना नेहमी रिकामा. पगार वर्षानुवर्षे तुंबत. तुंबलेला पगार हेच कर्ज; त्यावर व्याज चढे; आणि फेड म्हणून एखाद्या तालुक्याचा वसूल जमादाराच्या नावे गहाण पडे. जमादार म्हणजे शिपायांच्या टोळीचा म्होरक्या. तो आता लष्करी अधिकारी, सावकार आणि महसुलाचा मक्तेदार असा तिन्ही नात्यांनी रयतेसमोर उभा राही. हातात तलवार असलेल्या सावकाराला वसुलीसाठी कोर्टाची गरज नसते. हाच व्यवहार परदेशी अरबांपुरता होता असेही नाही. वऱ्हाडच्या मोठ्या भागाचा वसूल काही काळ विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी पेढीवाल्या बंधूंकडे गेला होता, आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेण्याचा व्यापारही त्यांचाच. धर्म कोणताही असो, गहाणखताची भाषा एकच होती.

खजिना रिकामा का, याचेही उत्तर दिले पाहिजे. दरबारचा उधळेपणा होताच. पण सर्वांत मोठे भोक ‘हैदराबाद कंटिंजंट’चे. या फौजेचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रज रेसिडेंटचा आणि वर्षाला सुमारे ४० लाखांचा खर्च निजामाचा. तो थकला, कंपनीचे देणे साचले, आणि १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. १८६० च्या तहात ५० लाखांचे कर्ज माफ झाले, नळदुर्ग आणि रायचूर दुआब परत गेले. वऱ्हाड मात्र राहिले. १८७० साली लॉर्ड मेयोने याच खामगावात येऊन रेल्वेची शाखा खुली केली. ज्या कापसासाठी तो आला होता तो कापूस कोणाच्या फायद्यासाठी वाहून नेला गेला हे मी आपणास सांगावयास नको.

आता मूळ प्रकरण. हैदराबादेत तीन अरब जमादार विशेष प्रबळ झाले : उमर बिन अवद अल्-कुऐती (कुवेत देशाशी या नावाचा संबंध नाही), अब्दुल्ला बिन अली अल्-औलकी आणि घालिब बिन मुहसिन अल्-कसीरी. १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी गहाण पडलेले तालुके सोडवावयास सुरुवात केली. तरी साठलेला पैसा जमादारांजवळच राहिला, आणि १८५७ च्या धामधुमीत ते सालारजंगांच्या पाठीशी उभे राहिल्याने त्यांचे वजनही वाढले. या पैशाचे करावयाचे काय? हद्रमौतमध्ये राज्य विकत घ्यावयाचे. शिपाई, तोफा आणि किल्ले यांसाठी रोकड ओतणे हे राज्य विकत घेणेच होय. घालिबने आपल्या कसीरी घराण्याची जुनी सत्ता पुन्हा उभी केली आणि १८६६ साली शिहर बंदर घेतले. दुसऱ्याच वर्षी, १८६७ मध्ये, कुऐतींनी ते त्याच्याकडून हिसकावले. हैदराबादच्या दरबारात एकाच रांगेत उभे राहणारे हे सरदार समुद्रापलीकडे एकमेकांच्या जिवावर उठले होते.

कोणी म्हणेल, १८६७ साली वऱ्हाड तर निजामाकडे नव्हते. बरोबर आहे. त्या लढाईचा त्या सालचा खर्च मराठवाडा आणि तेलंगणाच्या महसुलावर पडला असे म्हणावे लागेल. पण भांडवल एका वर्षात उभे राहत नाही. जमादारांच्या पेट्या १८५३ पूर्वीच्या तीस-चाळीस वर्षांत भरू लागल्या होत्या, आणि त्या काळात मेहकर, मलकापूरची रयतही त्याच दरबाराचा सारा भरत होती.

इंग्रजांच्या दृष्टीने हे भांडण महत्त्वाचे का ठरले? १८३९ साली कॅप्टन हेन्सने एडन घेतले, तेव्हापासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई सरकारकडे होता. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यावर त्या किनाऱ्याचे मोल शतपटीने वाढले. तुर्कस्तानचा सुलतान तेथे पाय रोवू पाहत होता. म्हणून एडनचा रेसिडेंट शिहर-मुकल्ल्याची खबर घेई, ती मुंबईला जाई, मुंबईहून हिंदुस्थान सरकारकडे. आणि तिकडून हैदराबादच्या रेसिडेंटला विचारणा होई की अमुक जमादार किती पैसा आणि किती माणसे पाठवीत आहे. दोन्ही पक्षांचे रणांगण आणि दोन्ही पक्षांची तिजोरी एकाच सरकारच्या नजरेखाली, अशी स्थिती इतिहासात वारंवार येत नाही. निजामाच्या नोकरांनी परदेशी युद्धात पडू नये, म्हणून सालारजंगांवर दडपण येई. वरून ही तटस्थता दिसते. पण बंदर ज्याच्या हाती आहे त्याला रसद मिळतच राहते आणि खोऱ्यात अडकलेला गुदमरतो. शिहर घेतल्यानंतर ‘कोणीही हालचाल करू नये’ असे म्हणणे म्हणजे ज्याने घेतले त्याच्याकडेच ते राहू द्यावे असे म्हणणे होय.

मुकल्ल्याच्या प्रकरणात हा बुरखाही गळून पडला. तेथील कसादी नकीब कुऐतींच्या कर्जात बुडाला होता. १८७३ साली त्याला अर्धे बंदर कुऐतींच्या नावे लिहून द्यावे लागले. पुढे तो करार त्याने नाकारला आणि युद्ध पेटले. एडनच्या रेसिडेंटने मध्यस्थी करून दोन वर्षांचा तह घडवला. तो संपल्यावर आरमाराच्या धाकाने, १८८१ साली, नकीबाला बंदर सोडून झांझिबारचा रस्ता धरावा लागला. लगेच १८८२ मध्ये कुऐतींशी करार झाला : ब्रिटिशांच्या संमतीवाचून मुलूख कोणास विकणार नाही, गहाण टाकणार नाही, नकीबाला १ लाख डॉलर द्यावयाचे, आणि खुद्द कुऐतीला ब्रिटिशांकडून वर्षासन किती, तर ३६० डॉलर. म्हणजे रोज एक डॉलरही नव्हे! १८८८ साली रीतसर संरक्षणाचा तह झाला. इतक्या स्वस्तात इतका लांब किनारा क्वचितच कोणी मिळवला असेल. युद्धाचा खर्च दुसऱ्याने केला, बंदर दुसऱ्याने जिंकले, आणि त्याच्या किल्ल्या मुंबई सरकारच्या हाती आल्या. जमादारांच्या गहाणखताची युक्ती येथे त्यांच्यावरच उलटली, एवढेच म्हणता येईल.

याच सुमाराचे मस्कत-झांझिबारचे उदाहरण ताडून पाहा. सय्यद सईदच्या दोन मुलांत राज्यासाठी तंटा लागला. मुंबई सरकारने ब्रिगेडियर कॉगलानला चौकशीस नेमले. आणि १८६१ साली लॉर्ड कॅनिंगने निवाडा दिला की राज्ये दोन करावी आणि झांझिबारने मस्कतला दरसाल ४०,००० क्राउन द्यावे. निवाडा शांततेचा म्हणून गाजला. झांझिबारकडून रक्कम येईना, तेव्हा मस्कतचा सुलतान आपल्या हातातून सुटू नये म्हणून ती पुढे हिंदुस्थानच्या तिजोरीतून देण्यात येऊ लागली : वर्षाला ८६,४०० रुपये. दोन अरब भावांच्या वाटणीचा हप्ता हिंदी करदात्याने भरला, आणि त्याला कोणी विचारलेही नाही.

सालारजंगांविषयी एक शब्द. इंग्रजांचा हस्तक म्हणून त्यांना निकालात काढणे सोपे आहे, पण मला ते मान्य नाही. वऱ्हाड परत मिळावे म्हणून त्यांनी १८७० नंतर सातत्याने खटपट केली, १८७६ साली ते इंग्लंडलाही गेले आणि रिकाम्या हाताने परतले. ज्याचा प्रांत सरकारने तारण म्हणून अडकवून ठेवला आहे, तो दिवाण आपल्या अरब जमादारांच्या बाबतीत सरकारला कितपत ठणकावून ‘नाही’ म्हणू शकला असता? वऱ्हाड हे नुसते कापसाचे कोठार नव्हते. हैदराबादवर दाब ठेवण्याचे ते साधन होते, आणि त्या दाबाची कळ हद्रमौतपर्यंत पोचत असली पाहिजे असे माझे मत आहे. १९०२ साली कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वार्षिक २५ लाखांत.

कुऐतींचे सुलतानपद १९६७ पर्यंत टिकले. त्यानंतरच्या मुकल्ल्याची हकीकत वर्तमानपत्रांत आहे : एप्रिल २०१५ मध्ये शहर अल् कायदाच्या हाती गेले, एप्रिल २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या पाठबळावरील फौजांनी ते घेतले. बाहेरून येणारा पैसा आता हैदराबादचा नाही, एवढा फरक आहे.

आपल्यापैकी जे तरुण मुंबईला जातात त्यांनी राज्य पुराभिलेखागारात एडनची दप्तरे उघडून पाहावीत. कोणत्या जमादाराने किती माणसे जहाजावर चढवली याची बारीक नोंद तेथे सापडेल. मग त्याच दशकातील वऱ्हाडच्या जमीनमोजणीचे आणि साऱ्याच्या आकारणीचे अहवाल काढावेत आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. मी हे काम सुरू केले आहे. वय झाले, डोळे साथ देत नाहीत. अक्षर लावणारे दोघे-तिघे मिळाले तर बरे होईल.