जुन्या मोटारींचा स्नेहमेळा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना थोडें नवल वाटलें असेल. ज्या गृहस्थानें उभा जन्म फळा, खडू आणि मुलांच्या वह्या यांच्या संगतींत घालविला, आणि ज्याच्या दारांत सायकलीवांचून दुसरें वाहन कधीं उभें राहिलें नाहीं, त्यानें मोटारींविषयीं बोलावें हा अव्यापारेषु व्यापार आहे, असें कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाहीं. परंतु मी बोलणार आहें तें मोटार हांकण्याविषयीं नव्हे. जुन्यापुराण्या मोटारींवर जीव लावणारीं माणसें ठिकठिकाणीं एकत्र येतात, त्यांचीं मंडळें करतात, आणि त्या मंडळांतून एक निराळाच संसार उभा राहतो. त्या संसाराची ओळख मला आपणांस करून द्यावयाची आहे.

दोन वर्षांपूर्वीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला आग्रह करकरून मुंबईंतील अशा एका मेळाव्यास नेलें. जातांना माझ्या मनांत होतें कीं, हा श्रीमंतांचा पोरखेळ. एक सकाळ फुकट गेली असें समजावें. परत येतांना तें मत जसेंच्या तसें राहिलें नव्हतें. तें कां बदललें हें सांगावयाचें तर आधीं थोडा इतिहास सांगितला पाहिजे. मास्तरांची ती खोड पेन्शनीबरोबर जात नाहीं!

इंग्लंडांत १८९६ सालापर्यंत यांत्रिक गाडीला रस्त्यावर फारसा मान नव्हता. गांवांत ताशीं दोन मैल व गांवाबाहेर ताशीं चार मैल, याहून अधिक वेग घेणें हा गुन्हा होता, आणि गाडीच्या पुढें एका माणसानें पायीं चालावें असा दंडक होता. १८६५ च्या कायद्यानें तर त्या माणसाच्या हातीं तांबडें निशाणहि दिलें होतें. १८९६ सालीं नवा कायदा झाला, हा दंडक गेला आणि वेगाची मर्यादा चौदा मैलांवर आली. या सुटकेचा आनंद साजरा करण्यासाठीं १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं लंडनहून समुद्रकांठच्या ब्रायटन शहरापर्यंत मोटारींची एक फेरी निघाली. कांहीं गाड्या पोंचल्या, कांहीं वाटेंतच बसल्या; परंतु त्या दिवसाची आठवण लोकांच्या मनांत राहिली.

पुढें १९२७ सालीं कांहीं हौशी लोकांनीं तीच फेरी जुन्या गाड्या घेऊन पुन्हां काढली, आणि १९३० सालीं त्यांतूनच ग्रेट ब्रिटनचा 'व्हेटरन कार क्लब' जन्मास आला. श्रोतेहो, कार्ल बेंझनें आपल्या मोटारीचें पेटंट घेतलें तें १८८६ सालीं. म्हणजे मोटार जन्मून पुरतीं पन्नास वर्षें झालीं नव्हतीं, तोंच तिच्या म्हातारपणाची काळजी वाहणारीं माणसें निघालीं. ही फेरी आजहि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं निघते. तींत १९०५ पूर्वींच्या गाड्यांनाच प्रवेश असतो. सूर्योदयाच्या सुमारास, हाडें गोठविणाऱ्या थंडींत, उघड्या गाड्यांतून हे लोक साठ मैलांच्या प्रवासास निघतात. वेळ किती लागला याला तेथें महत्त्व नाहीं. पोंचलों याचेंच भूषण.

अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेंत, फिलाडेल्फिया येथें १९३५ सालीं जुन्या मोटारींचें असेंच एक मंडळ निघालें. आज त्याचें मुख्य ठाणें पेन्सिल्व्हेनियांतील हर्शी या गांवीं आहे. चॉकलेटसाठीं प्रसिद्ध असलेलें तेंच हें हर्शी. या मंडळाच्या प्रांतोप्रांतीं शाखा आहेत, आणि माझ्या मतें खरी गंमत या शाखांतच आहे. गाडीस पंचवीस वर्षें झालीं कीं ती तेथें 'जुनी' या पंक्तींत बसते. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, सभासद होण्यास पदरीं गाडी असलीच पाहिजे असा नियम नाहीं. आवड असली म्हणजे पुरे.

या शाखांचें वर्ष आपल्या सणावारांप्रमाणें ठरलेलें असतें. हिंवाळ्यांत बर्फ पडून रस्ते बंद झाले कीं कोणाच्या तरी गाडीखान्यांत सभा भरते. एखादा जाणता सभासद कार्बुरेटर उघडून दाखवितो आणि बाकीचे सभोंवतीं उभे राहून शंका विचारतात. वसंतांत लहान लहान सहली निघतात. नवरा, बायको, मुलें, शिदोरी, सारें बरोबर. गांवच्या राष्ट्रीय सणाच्या मिरवणुकींत ह्या गाड्या मानानें पुढें असतात. शाखेचें एखादें पत्रक निघतें. त्यांत सहलींची हकीकत, कोणाला कोणता भाग हवा आहे याची यादी आणि दिवंगत सभासदांच्या आठवणी शेजारीं शेजारीं छापलेल्या असतात. आणि ऑक्टोबर उजाडला कीं हर्शीच्या जत्रेचे वेध लागतात. त्या जत्रेंत मैदानभर जुने सुटे भाग मांडलेले असतात. कोणी शंभर वर्षांपूर्वींचा दिवा शोधीत असतो, कोणी एक दाता. आपल्याकडे जत्रेंत बैलांच्या घुंगरमाळांची जशी पारख चालते, तशीच तेथें गंजलेल्या लोखंडाची चालते.

परीक्षेचाहि एक भाग या मंडळांत आहे, आणि परीक्षक म्हणून माझें लक्ष तिकडे आपोआप गेलें. तेथें गाडीला चारशें गुणांपैकीं गुण मिळतात. कारखान्यांतून ज्या दिवशीं ती बाहेर पडली त्या दिवशींच्या स्थितीशीं तिची तुलना करावयाची, आणि जेथें जेथें फरक दिसेल तेथें गुण कापावयाचे. हेतु उत्तम; परंतु परिणाम काय व्हावा? गुणांच्या लोभानें कित्येकांनीं आपल्या गाड्या इतक्या घांसल्या, रंगविल्या आणि चकचकित केल्या कीं, कारखान्यांतहि त्या तशा कधीं नव्हत्या! तिच्या अंगावरचा पहिला रंग, पहिलें कातडें, आजोबांच्या हातानें गुळगुळीत झालेलें चक्र, सारें गेलें. परीक्षा विद्येला कशी खाते याचा अनुभव आम्हां मास्तरांना आहेच! शेवटीं त्या मंडळाला एक निराळा वर्ग काढावा लागला. त्या वर्गांत मूळचे अवशेष जसेच्या तसे राखलेल्या गाडीचा गौरव होतो; तिचा रंग उडालेला असला तरी चालतो. मला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटली. घर जुनें झालें म्हणून वाडवडिलांची देवडी पाडून तेथें नवी जुनीसारखी देवडी बांधणें, याला जतन म्हणत नाहींत.

आतां या गाड्यांचे स्वभाव पाहा. आजची मोटार कळ दाबतांच चालूं लागते. जुन्या मोटारीला समोरून लोखंडी दांडा लावून फिरवावें लागे, आणि तो धरतांना आंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा लागे; कारण यंत्रानें उलटा हिसका दिला तर मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला विजेनें चालू होण्याची सोय आली, तेव्हांपासून हा त्रास हळूहळू संपला. फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीची कथा तर मौजेची आहे. १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटीहून अधिक निघालेली ही गाडी. परंतु तिची पेट्रोलची टांकी बैठकीखालीं असे आणि पेट्रोल यंत्राकडे केवळ उतारानें वाहत जाई. उभ्या चढावर टांकी खालीं आणि यंत्र वर अशी अवस्था झाली कीं पेट्रोल पोंचेना. मग लोक काय करीत? गाडी वळवून पाठमोरी चढ चढत! अशा गाडीला हांकणारा नुसता हांक्या असून भागत नाहीं. त्याला तिची प्रकृति कळावी लागते. आणि प्रकृति एकट्याला कळत नाहीं, म्हणून चार माणसें लागतात. या मंडळांचें मूळ माझ्या मतें येथें आहे.

आपल्या देशांतहि ही हौस जुनी आहे. दिल्लीस 'स्टेट्समन' पत्रानें १९६४ सालीं जुन्या मोटारींची शर्यत सुरू केली, आणि १९६८ पासून ती कलकत्त्यासहि होऊं लागली. मुंबईंत 'व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया' हें मंडळ आहे. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्या संस्थानिकांच्या पागेंतून आलेल्या. १९७१ सालीं त्यांचे तनखे बंद झाले, आणि त्या सुमारास किती तरी गाड्या मातीमोल भावानें विकल्या गेल्या. ज्या राहिल्या त्यांतल्या कांहींना अजून लोकजीवनांत स्थान आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपति घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकांत येते तेव्हां लोक ज्या कौतुकानें तिच्याकडे पाहतात, तें कौतुक किंमतीचें नसतें. आपल्या आजोबांनींहि हीच गाडी पाहिली, ह्या जाणिवेचें असतें.

२०२१ सालीं केंद्र सरकारनें या वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या खासगी वाहनाला 'व्हीए' अक्षरांचा निराळा क्रमांक मिळतो. नोंदणीस वीस हजार रुपये लागतात आणि ती दहा वर्षें टिकते. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, दुरुस्ती व पेट्रोल भरणें एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणावयाची. नित्याच्या वापरास मनाई आहे. धुराच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. जुन्या गाडीचा धूर हा कांहीं अष्टगंध नव्हे. मात्र एक नवी अडचण आली आहे. आतां आपल्या पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें. आपल्या उसाला त्यानें गिऱ्हाईक मिळालें खरें, परंतु तें पाणी ओढून घेतें आणि जुन्या रबरी नळ्या व वाट्या मऊ करून टाकतें. त्यामुळें ऐंशीं वर्षें टिकलेली नळी एका पावसाळ्यांत सुटते, असें मिस्त्री लोक सांगतात.

मिस्त्री म्हटल्यावर मी माझ्या मूळ गोष्टीकडे येतों. मला मेळाव्यास नेणारा माझा विद्यार्थी हा धंद्यानें मिस्त्री. वडिलांचें लहानसें दुरुस्तीचें दुकान होतें, तेंच तो चालवितो. त्या सकाळीं गाड्या रांगेंत उभ्या होत्या. पितळी दिवे उन्हांत झळकत होते. निघण्याची वेळ झाली आणि एक गाडी कांहीं केल्या चालू होईना. मालक मोठे गृहस्थ, भरजरी फेटा बांधून आलेले. त्यांनीं माझ्या विद्यार्थ्याला हांक मारली. त्यानें लांकडी मुठीच्या पेंचकसाचें टोंक यंत्रावर ठेवलें, मूठ कानाशीं लावली, आणि वैद्य नाडी पाहतो तसा क्षणभर स्तब्ध उभा राहिला. मग म्हणाला, "मॅग्नेटोची पट्टी तुटली आहे." झांकण उघडलें तों खरोखरच ठिणगीची वेळ नेमणारी ती पोलादी पट्टी दोन तुकडे होऊन पडली होती. आतां दुसरी कोठून आणावी? रांगेंत शेजारीं त्याच वर्गांत बक्षिसासाठीं उभी असलेली दुसरी गाडी होती. तिच्या मालकानें कांहीं न बोलतां आपली पेटी उघडली आणि तशीच एक पट्टी काढून दिली. ज्याला हरवावयाचें त्यालाच उभें करावयाचें, असा खेळ मीं शाळेच्या मैदानावर फार थोड्या वेळां पाहिला आहे. फेटेवाले गृहस्थ स्वतः खालीं वांकून पान्हे देत होते. पंधरा मिनिटांत गाडी बोलूं लागली.

श्रोतेहो, त्या क्षणीं मला एक गोष्ट आठवली, आणि ती सांगण्यास मला लाज वाटते. याच मुलाच्या प्रगतिपुस्तकांत मीं स्वतःच्या हातानें शेरा लिहिला होता, 'बुद्धि मंद, लक्ष नाहीं'. तो मंदबुद्धि मुलगा आज कथलाचा मिश्र धातु वितळवून बेअरिंगें ओततो, त्यांना निळा रंग लावून कोठें घांसतें तें पाहतो, आणि केंसाच्या अंशानें खरवडून तीं बसवितो. हें गणित मला येत नाहीं. परततांना मीं त्याला विचारलें, "हें तूं कोणाला शिकवितोस?" तो हंसला आणि म्हणाला, "सर, हाताखालीं आतां एकहि पोरगा नाहीं. संगणकावरची गाडी शिकायला सगळे येतात; ही शिकायला कोण येणार? माझ्या मुलालाहि मीच नको म्हटलें." पुढें तो कांहीं बोलला नाहीं, मलाहि बोलवेना.

सायंकाळीं बक्षीससमारंभ झाला. गाडीचें नांव पुकारलें गेलें, सालाचा उल्लेख झाला, मालकांचें नांव पुकारलें गेलें, टाळ्या झाल्या. ज्याच्या हातांनीं ती गाडी उभी होती त्याचें नांव कोणी घेतलें नाहीं. यांत कोणाचा दुष्टपणा नव्हता, प्रघातच तसा. परंतु मला वाटतें, मंडळांनीं एवढी एक गोष्ट मनावर घ्यावी. गाडीसमोरच्या पाटीवर मालकाच्या नांवाखालीं मिस्त्रीचें नांव असावें. ज्याच्याजवळ गाडी नाहीं पण हातीं कसब आहे, त्याला सभासद म्हणून शेजारीं बसवावें. आणि हिंवाळ्यांतल्या त्या अमेरिकन सभांप्रमाणें महिन्यांतून एक दिवस शाळांतल्या मुलांना बोलावून यंत्र उघडून दाखवावें. लोखंड शंभर वर्षें टिकतें, रंग पुन्हां देतां येतो, रबर नवें घालतां येतें. परंतु कानाला पेंचकस लावून ऐकणारा माणूस गेला म्हणजे ती विद्या कोणत्याहि जत्रेंत विकत मिळणार नाहीं.

आपणांपैकीं कोणाच्या गांवीं जुन्या मोटारींचा मेळा भरला तर मुलांना घेऊन अवश्य जा. पितळी दिवे पाहा, चाकांच्या लांकडी आऱ्या पाहा. आणि गाडीच्या मागें, तेलकट फडकें हातांत घेऊन एक माणूस उभा असेल, त्याच्याशीं दोन शब्द बोला. माझ्या त्या विद्यार्थ्याकडे मी हल्लीं अधूनमधून जातों. तो काम करतो, मी बांकावर बसून पाहतों. प्रगतिपुस्तकांतला शेरा आतां खोडतां येत नाहीं. म्हणून तो आज मीं येथें, आपणां सर्वांच्या समक्ष, खोडला आहे.