यंत्र घरचें, किल्ली कोणाची?

घरांत राउटर नांवाची जी लहानशी पेटी असते, तिच्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. मोबाइल कंपनीचें सिमकार्ड तिच्यांत घातलें, कीं घरभर इंटरनेट मिळूं लागतें. परंतु दुसऱ्या कंपनीचें कार्ड घालतांच तीच पेटी पुष्कळदां मुकी होते. यंत्राच्या अंगीं सामर्थ्य असतें. नसते ती अनुज्ञा. ही अनुज्ञा देणारी वा नाकारणारी आज्ञावली पेटीच्या स्मृतींत वसत असते. तिलाच फर्मवेअर म्हणतात.

धन्यास ती बदलतां यावी काय? सन २००२ च्या अखेरीस अमेरिकेंत लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर निघाला. त्याच्या फर्मवेअरमध्यें लिनक्स असल्याचें पुढील वर्षीं जाणकारांस आढळलें. लिनक्सच्या जीपीएल परवान्याची अट अशी, कीं तें मालांत घालून विकणारानें मूळ संहिताही ग्राहकास उपलब्ध करून द्यावी. लोकांनीं ती मागितली. २००३ सालींच ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्या पायावर २००४ मध्यें ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज तो नाना कंपन्यांच्या शेंकडों राउटरांवर चालतो.

तथापि उतावळेपणा घातक होय. त्याच लिंक्सिस राउटरची पांचवी आवृत्ति २००५ मध्यें आली, तेव्हां नांव तेंच राहिलें. पण स्मृति निम्म्यावर आली आणि लिनक्सही गेलें. जुन्या आवृत्तीचें फर्मवेअर तिला कसें मानवावें? म्हणून पेटीच्या तळाशीं छापलेला नमुना व आवृत्ति आधीं ताडून पाहावी. उतरवून घेतलेली फाइल अखंड आहे ना, हें तिच्या पडताळणी-अंकावरून तपासावें. काम तारेनें जोडूनच करावें. मध्येंच वीज गेली, तर पेटी निकामी होण्याचा संभव असतो.

मोबाइल राउटरांत आणखी एक भेद आहे. मोडेमचें फर्मवेअर निराळें असतें आणि कार्डाचें कुलूप बहुधा त्याच्याकडे असतें. तें उघडण्याचा संकेतांक कंपनीकडे रीतसर मागावा. आयएमईआय क्रमांकास मात्र हात लावूं नये. भारतांत तो गुन्हा आहे.

मग हा खटाटोप कशासाठीं? कांहीं वर्षांनीं निर्माता जुन्या पेटीकडे पाठ फिरवितो. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या थांबतात आणि धडधाकट यंत्र धोक्याचें ठरतें. मुक्त फर्मवेअर त्याचें आयुष्य वाढवितें. पण पुढील प्रत्येक दुरुस्ती वेळेवर चढविण्याचें काम मग धन्याचेंच. ज्याच्या हातीं किल्ली, त्याच्याच अंगावर घराची राखण.