उत्तर कुठपर्यंत पोचलं?

आपल्याकडे ओळख सांगताना नुसतं नाव पुरत नाही, गावही सांगावं लागतं. इंटरनेटचं तसंच आहे. आपण एखाद्या वेबसाइटचं नाव टाइप करतो, पण यंत्राला नावाशी देणंघेणं नसतं, त्याला आकड्यांतला पत्ता लागतो. नाव ऐकून पत्ता सांगणारे जे संगणक जगभर बसवलेले आहेत, ते डोमेन नेम सर्व्हर. 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था आखली. त्याआधी सगळी नावं एकाच यादीत असत आणि ती कॅलिफोर्नियातली एक संशोधन संस्था सांभाळत असे.

हा पत्ता सांगणाराच गप्प बसला, तर पुढची वेबसाइट ठणठणीत असूनही आपल्याला ती बंदच दिसते. म्हणून त्याच्याबद्दल दोन गोष्टी मोजतात: उत्तर किती वेळात दिलं, आणि मुळात दिलं का?

वेळ मोजतात मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. ‘डिग’ नावाची एक साधी आज्ञा आहे. ती दिली की पत्ता येतो आणि खाली किती वेळ लागला तेही येतं. गंमत अशी, की पहिल्यांदा विचारलं तर समजा 90 मिलिसेकंद लागतात. लगेच पुन्हा विचारलं तर एखाद-दोनच. सर्व्हर काही एकाएकी चपळ झालेला नसतो. मधल्या, आपल्या जवळच्या सर्व्हरनं मघाचं उत्तर लक्षात ठेवलेलं असतं. तेव्हा दुसरा आकडा दाखवून कुणी फुशारकी मारली, तर ती पाठांतराची समजावी. खरं मोजायचं तर मूळ सर्व्हरलाच थेट विचारायला हवं.

सरासरीचंही असंच. शंभरातल्या 99 जणांना 20 मिलिसेकंदांत उत्तर मिळालं आणि एकाला पाच सेकंद लागले, तर सरासरी येते सुमारे 70. कागदावर झकास! म्हणून जाणकार सरासरीवर थांबत नाहीत. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था ‘डॉट’नंतरची नवी नावं चालवायला देताना जो करार करते, त्यात किमान 95 टक्के नेहमीच्या प्रश्नांना 500 मिलिसेकंदांच्या आत उत्तर हवं, अशी अट आहे.

उपलब्धतेची अट त्याहून कडक. एकेकटा सर्व्हर महिन्यात 432 मिनिटं बंद राहिला तर चालतं, पण सगळी सेवा मिळून एक मिनिटही बंद पडता कामा नये. एक आजारी पडला तर दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, हा हिशेब. जगात ठिकठिकाणी ठेवलेली तपासयंत्रं दर मिनिटाला प्रश्न विचारून याची नोंद घेतात.

आता माझी खरी अडचण. यातल्या 51 टक्के किंवा जास्त यंत्रांना उत्तर मिळालं नाही, तरच सेवा बंद धरली जाते. म्हणजे शंभरातली चाळीस यंत्रं ताटकळली तरी वहीत नोंद ‘चालू’! शिवाय ही यंत्रं ठेवायची ती जिथं वापरणारे सर्वाधिक, अशा जाळ्यांजवळ. करार करणाऱ्यांना कुठंतरी रेघ ओढावी लागते, हे मला कळतं. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या शेवटच्या रात्री जी मुलगी त्या चाळिसांच्या बाजूला बसली आहे, तिच्यासाठी सेवा बंदच असते. मुशायऱ्यात पहिल्या रांगेची दाद मिळाली तरी माझी नजर शेवटच्या रांगेकडे जाते, ती याच धास्तीनं.

कुठून मोजता, याला किती महत्त्व आहे ते 4 ऑक्टोबर 2021 रोजी दिसलं. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, व्हॉट्सॲप सगळंच गेलं, सुमारे सहा तास. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेनं कंपनीची केंद्रं एकमेकांपासून तुटली. तिच्या नेम सर्व्हरांना केंद्रांशी बोलता येईना, तेव्हा ‘आपणच बिघडलो’ असं समजून त्यांनी आपल्याकडे येण्याचा रस्ता जगाला सांगणंच थांबवलं. तशी सोयच केलेली होती. सर्व्हर चालू होते बरं का! त्या खोलीत उभं राहून कुणी विचारलं असतं तर उत्तरही मिळालं असतं. बाहेरून मोजणाऱ्याला मात्र शून्य.

बाहेरून मोजायचं काम आता सामान्य माणसंही करतात. युरोपातल्या राइप या संस्थेनं 2010 पासून ‘ॲटलस’ नावाची छोटी यंत्रं स्वयंसेवकांना वाटली. घरातल्या इंटरनेटला जोडून ठेवायची. ती आपणहून ठरावीक वेळानं प्रश्न विचारत राहतात. जगभरात अशी हजारो आहेत.

तुमच्या शाळेची, मंडळाची किंवा मासिकाची वेबसाइट असेल, तर ती सांभाळणाऱ्याला जरूर विचारा: आपले नेम सर्व्हर किती, आणि कुठं कुठं? निदान दोन हवेत, आणि ते एकमेकांपासून लांब, वेगवेगळ्या जाळ्यांवर हवेत, असं 1997 सालच्या तांत्रिक शिफारशीतच लिहून ठेवलंय. एकाच खोलीत, एकाच वायरीवर दोन ठेवले असतील, तर ती वायर तुटल्यावर दोघंही एकदमच गप्प होतात.