कोणत्या कामाला कोणता कंटेनर?

सैन्यात माझी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये झाली. निवृत्तीनंतर मी लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळायला मदत करतो. इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, फोनवर प्रश्न बहुधा एकच येतो: "साहेब, आमचं सॉफ्टवेअर डॉकरमध्ये टाकू का?" मी म्हणतो, आधी काम सांगा, मग डबा ठरवू.

पर्याय मुख्यतः तीन आहेत. पहिला, ॲप्लिकेशन कंटेनर. 2013 साली आलेल्या डॉकरमुळे हा प्रकार घरोघरी पोचला. यात साधारणपणे एका कंटेनरात एकच मुख्य प्रोग्राम चालतो. तो थांबला की कंटेनरही थांबतो. नवी आवृत्ती आली की जुना कंटेनर काढून टाकायचा आणि नव्या इमेजमधून दुसरा उभा करायचा. आत बसून दुरुस्ती करत राहायची नाही.

दुसरा, सिस्टम कंटेनर. एलएक्ससी हे त्याचं उदाहरण, 2008 पासूनचं. यात जवळजवळ पूर्ण लिनक्स चालतं. लॉग-इन करता येतं, चार सेवा एकत्र ठेवता येतात, अपडेट आतूनच करता येतात. वर्षानुवर्षं एकाच सर्व्हरवर चालत आलेलं, सुटं न करता येणारं जुनं सॉफ्टवेअर इथे सुखाने राहतं.

तिसरा, व्हर्च्युअल मशीन. हा कंटेनर नव्हे, पण निवडीच्या यादीत हवाच. वरच्या दोन्ही प्रकारांत कर्नल यजमान सर्व्हरचाच असतो. छावणीत बराकी कितीही असोत, बाहेरचं कुंपण एकच, तसं हे. कुंपणाला भगदाड पडलं तर धोका सगळ्यांनाच. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल असतो. मेमरी जास्त लागते, सुरू व्हायला वेळ लागतो, पण भिंत जाड मिळते.

हा धोका कागदावरचा नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये रन-सी या मूळ साधनातली एक त्रुटी जाहीर झाली. तिच्यामुळे कंटेनरातला दुष्ट प्रोग्राम यजमान सर्व्हरचा ताबा घेऊ शकत होता. डॉकरसकट अनेकांना तातडीने दुरुस्ती द्यावी लागली.

आता चूक कुठे होते ते सांगतो. एका पतसंस्थेत हिशेबाचा प्रोग्राम आणि डेटाबेस, दोन्ही संगणकवाल्याने स्वतः बांधलेल्या एकाच इमेजमध्ये होते. बाहेरचा व्हॉल्यूम जोडलेला नव्हता. अपडेटच्या दिवशी जुना कंटेनर काढला, आणि आत लिहिलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. शेवटचा बॅकअप चार दिवसांपूर्वीचा. मधल्या नोंदी कर्मचाऱ्यांनी पावत्या समोर घेऊन पुन्हा भरल्या. ते पैसे पेन्शनवर जगणाऱ्यांचे होते. मी गेलो तेव्हा काउंटरपुढे रांग होती, आणि प्रत्येकाच्या हातात पासबुक.

म्हणून निवडण्याआधी तीन प्रश्न विचारा.

एक: हा कंटेनर आत्ता पुसला तर काय हरवेल? उत्तर "काहीच नाही" असेल, तर ॲप्लिकेशन कंटेनर घ्या. डेटा असेल तर तो व्हॉल्यूमवर ठेवा आणि बॅकअप परत उतरवून पाहा.

दोन: काम एकाच प्रोग्रामचं आहे की आठ-दहा सेवांच्या कुटुंबाचं? कुटुंब असेल आणि ते फोडता येत नसेल, तर सिस्टम कंटेनर. तो अनप्रिव्हिलेज्ड ठेवा, म्हणजे आतला रूट बाहेर सामान्य वापरकर्ता ठरतो.

तीन: आतल्या कोडवर तुमचा भरवसा आहे का? परक्याचा कोड असेल, विंडोज लागत असेल किंवा वेगळा कर्नल हवा असेल, तर सरळ व्हर्च्युअल मशीन.

तिन्ही एकत्रही चालतात. लहान संस्थेला मी बहुतेक वेळा एक व्हर्च्युअल मशीन आणि त्याच्या आत डॉकर सुचवतो. मेमरीची मर्यादा मात्र प्रत्येक कंटेनरला घाला, नाहीतर एक जण सगळ्यांचं रेशन खाऊन बसतो.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. जय हिंद.