छापखान्यातील बंद पडलेला बोर्ड
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



छपाई झाली म्हणजे पुस्तक तयार झाले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात छापलेल्या तावांना घड्या घालायच्या असतात, फर्मे क्रमाने जुळवायचे असतात, शिलाई किंवा गोंदाने बांधणी करायची असते आणि अखेरीस कडा कापायच्या असतात. महोत्सवाची स्मरणिकाही याच वाटेने वाचकांच्या हाती जाईल. ही कामे करणारी यंत्रे दिसायला लोखंडी व धिप्पाड असली, तरी त्यांना आज्ञा देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बहुधा २४ व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर चालते. भिंतीतील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहातून तो घडवणारा एक बोर्ड यंत्राच्या पोटात असतो. तो थांबला की टनभर वजनाचे यंत्र निव्वळ लोखंड होऊन बसते.

बाइंडिंगच्या कारखान्यांत वारंवार घडणारा एक प्रकार पाहू. कटिंग मशीन शनिवारी रात्रीपर्यंत बिनतक्रार चालते. रविवारी मुख्य स्विच बंद असतो. सोमवारी तो चालू केला, तर साधा दिवाही लागत नाही. ‘परवापर्यंत तर उत्तम चालले होते!’ असे मालक काकुळतीने सांगतो आणि ते खरेच असते. मुरलेला कारागीर हे वाक्य तक्रार म्हणून ऐकत नाही, खूण म्हणून ऐकतो.

या बोर्डाची रचना मोठी चतुर आहे. आलेला प्रवाह प्रथम एकाच दिशेचा केला जातो आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवला जातो. तेथे दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. मग एक नियंत्रक चिप तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडते-जोडते आणि छोट्या रोहित्रातून हवा तेवढा दाब मिळवते. मात्र त्या चिपलाही जागे व्हायला वीज लागते. ती एका रोधकातून थेंबाथेंबाने येते व एका लहानशा कपॅसिटरमध्ये साचते. यूसी ३८४२ ही सर्वपरिचित चिप सुमारे १६ व्होल्टला जागी होते आणि १० व्होल्टच्या खाली पुन्हा झोपी जाते. एकदा काम सुरू झाले की रोहित्राचाच एक वेढा तिला पोसतो. विहिरीवरच्या पंपात आधी थोडे पाणी ओतावे लागते, त्यातलाच हा प्रकार. तो लहान कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतून सुकला, की चालू यंत्र चालूच राहते. पण बंद केलेले पुन्हा उठत नाही. चिप जागी होते, आणि वेढ्याचा आधार मिळण्यापूर्वीच साठा संपतो.

अशा कपॅसिटरची किंमत काही रुपये. पूर्ण बोर्ड मात्र महाग असतो, आणि यंत्र जुने असेल तर पुष्कळदा मिळतच नाही. लहान छापखान्याच्या मालकापुढे अशा वेळी यंत्र भंगारात काढण्याचाच प्रश्न उभा राहतो.

कपॅसिटर सुकण्यामागे कागदाचाही हात असतो. कापताना उडालेली बारीक धूळ बोर्डावर गोधडीसारखी बसते, पंखा चोंदतो आणि आतली हवा तापते. अशा कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. महिन्यातून एकदा धूळ झाडणे हे म्हणूनच सर्वांत स्वस्त औषध होय. पण हंगामात त्याला सवड कोण काढतो!

दुरुस्तीला बसलेला जाणता कारागीर आधी यंत्राचा पुरवठा तोडतो, मग मोठ्या कपॅसिटरमधील दाब मोजतो. बंद पडलेल्या बोर्डात हा साठा अधिक काळ टिकतो, कारण तो खर्च करणारे काहीच चालू नसते. ज्याला सारे मृत म्हणतात, त्यातच जीवघेणा झटका दडलेला असतो. योग्य रोधकातून तो साठा उतरवायचा, मीटरवर खात्री करायची आणि मगच हात लावायचा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून ‘शॉर्ट’ करण्याची फुशारकी अनेकांना भोवली आहे. नंतर फ्यूज पाहायचा. तो काळवंडून फुटलेला असेल, तर दोष मोठा आहे. त्या जागी जाड तार घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. फ्यूज शाबूत असेल, तर संशय त्या लहान कपॅसिटरवर. नवा बसवताना १०५ अंशांचा निवडायचा आणि ऋण बाजूची पट्टी जुळवायची. उलटा बसला तर तो फुटतो. पहिल्यांदा वीज देताना साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा मालिकेत जोडतात. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखतच राहिला तर शॉर्ट अजून शिल्लक आहे. असे दिवे आता दुर्मिळ होत चालले असले, तरी दुरुस्तीच्या दुकानांत ते जिवापाड जपले जातात.

यातील धारित्र, रोधक, रोहित्र हे शब्द मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला पुस्तकात भेटलेले असतात. कारखान्यात त्यांची कपॅसिटर, रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर ही नावे चालतात. दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत हे ज्याला उमगले, त्याला भाषेचा न्यूनगंड वाटण्याचे कारण उरत नाही. बडोद्यात १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनाने तंत्रशिक्षण देशी भाषेतून देण्याचा प्रयत्न केला होता, हेही स्मरणात ठेवावे.

आता शेवटची गोष्ट, आणि तीच सर्वांत नाजूक. कटिंग मशीनचे पाते दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय उतरू नये आणि पुढील प्रकाशकिरणांत हात आला तर थांबावे, अशी योजना असते. चोवीस व्होल्टचा पुरवठा लटका पडला की या सुरक्षा यंत्रणा वेळीअवेळी यंत्र अडवू लागतात. मग ‘तो सेन्सर काढूनच टाका, काम खोळंबले आहे’ असा आग्रह सुरू होतो. लग्नसराईत तर त्याला धारच चढते. जाणता कारागीर बोर्ड बसवल्यावर मोटारी चालू असतानाही दाब मोजतो. नंतर रद्दीचा गठ्ठा ठेवून एक हात बटणावरून काढून पाहतो, आणि कागदाची लांब सुरळी किरणांत धरून पाहतो. दोन्ही वेळी पाते थांबले पाहिजे. एकदाही चुकले, तर तो मुख्य स्विच बंद करून मालकाला सांगतो, की आजच्या पत्रिका शेजारच्या छापखान्यातून कापून आणाव्यात.